माजघरातला कवडसा

आजोळी घड्याळ होतं ते ओटीवर. आजीचा दिवस जायचा माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार एवढ्यात, आणि तिथे वेळ कळायची ती कवडशावरून. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारची जेवणं उरकली की पुढचं-मागचं दार ओढून घ्यायचे. सारवलेली जमीन पाठीला गार लागायची. कौलांमधल्या फटीतून एक कवडसा खाली उतरलेला असायचा, रुपयाएवढा. टक लावून पाहत बसलं तर तो हलताना दिसायचा नाही. डोळा लागून जाग आली की मात्र वीतभर पुढे सरकलेला असायचा. तो जात्याला टेकला की आजी उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. पाऊस तोंडावर आला की कौलं परतायची. परतली की फटी बदलायच्या, आणि पुढच्या वर्षी कवडसा भलतीकडेच पडायचा. मग आजी चार दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून नवा हिशोब बसवायची.

त्याच माजघरात पश्चिमेच्या खिडकीच्या फळीतली एक गाठ निखळून पडली होती. तिथे बोट जाईल एवढं भोक. खिडकी लावली, डोळे काळोखाला सरावले, की समोरच्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरचं खळं उमटायचं, तेही उलटं. माड शेंड्यावर उभे, आभाळ खाली, आणि वाळत घातलेली आमसुलं वरखाली करणारी मामी डोकं खाली करून चाललेली. तिच्या पातळाचा लाल रंगसुद्धा दिसायचा, पण विटका, पाण्यात भिजल्यासारखा. मामा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने सांगितलं, उजेड सरळ रेषेत जातो. माडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो, बुंध्याकडून निघालेला वर चढतो, म्हणून चित्र उलटं. कॅमेऱ्याच्या पोटातही हेच होतं म्हणाला. १९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं आणि आम्ही तिथेच होतो. सकाळच्या तिरक्या उन्हात, आंब्याच्या पानांमधून ओटीच्या भिंतीवर पडलेले सगळे कवडसे कोयरीच्या आकाराचे झाले. भिंतभर कोयऱ्या. "कवडसा म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका नव्हे गं," मामा म्हणाला, "ते सूर्याचं चित्र असतं. रोज गोल असतं म्हणून कुणी बघत नाही."

सिनेमातल्या कॅमेऱ्याविषयी कुणी बोलायला लागलं की मला आधी ती भिंत आठवते. मी त्या क्षेत्रातली नाही, पाहणारी आहे. पण पाहता पाहता एका शब्दापाशी अडखळले आणि तेव्हापासून तो सोबत आहे. 'फोटोग्राफी' हा शब्द ज्या ग्रीक मुळांवरून आला, त्यांचा अर्थ उजेडाने लिहिणं. आपण त्याच गोष्टीला म्हटलं छायाचित्र, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत कॅमेरामनच्या नावाआधी लिहिलं 'छायालेखन'. संस्कृतात छाया म्हणजे प्रतिबिंबही आणि कांतीही, हे खरं. पण मराठी कानाला आधी ऐकू येते ती सावली. सावलीने लिहिणं. माजघरात वाढलेल्या माणसाला हा शब्द लगेच पटतो. कवडसा दिसायला आधी दारं लावावी लागतात.

'कागज के फूल' मी पहिल्यांदा पाहिला तो घरातल्या टीव्हीवर, नववी-दहावीत. त्यातलं 'वक्त ने किया क्या हसीं सितम' गीता दत्तच्या आवाजात आधी हजारदा ऐकलेलं होतं, म्हणून मी त्या गाण्याची वाट पाहत होते. गाणं आलं आणि गेलं. मला पडद्यावर काहीच विशेष दिसलं नाही. वहिदा रहमान दिसायची तेव्हा गुरुदत्त नसायचा, तो दिसायचा तेव्हा ती नसायची. आईने डोळे पुसले ते गाण्यामुळे असावेत असं मला वाटलं.

काही वर्षांनी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिला आणि उमगलं, की टीव्हीच्या चौकोनाने त्या गाण्याचा प्राणच कापून टाकला होता. १९५९ चा हा सिनेमा भारतातला पहिला सिनेमास्कोप. त्याची चौकट उंचीच्या सव्वादोनपटीहूनही जास्त रुंद. जुन्या टीव्हीची चौकट चाराला तीन. म्हणजे दोन्ही बाजूंचं बरंचसं चित्र बाहेर राहायचं, आणि नेमकी त्या दोन टोकांनाच ती दोघं उभी होती.

रिकामा स्टुडिओ. वर अंधारात हरवलेलं छप्पर. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, दोघंही सावलीत. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वरून तिरका उतरलेला उन्हाचा जाड झोत, आणि त्या झोतात धूळ. गाणं चालू आहे, पण कुणाचेच ओठ हलत नाहीत. तो विवाहित दिग्दर्शक, ती त्याने घडवलेली नटी. दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही बोलणार नाहीत. मग त्यांच्या देहातून त्यांच्याच पारदर्शक आकृत्या निघतात, त्या झोतात एकमेकांपाशी जातात, आणि देह जिथल्या तिथे राहतात.

पडद्याच्या मधोमध, जिथे हिरो-हिरॉइन असायची, तिथे फक्त ऊन आहे. उजेड ज्यांच्यावर पडायचा ते दोघं काळोखात आणि उजेड पडलाय रिकाम्या जमिनीवर. त्या जमिनीवर जाण्याची मुभा त्यांना नाही. पटकथेत ही गोष्ट एका ओळीत लिहिता येईल, संवादात तर चार ओळींत सहज. पण माणसं ज्या गोष्टीविषयी बोलणारच नाहीत असं ठरलेलं आहे, ती गोष्ट कुणीतरी सांगायला हवीच, आणि इथे ती सांगतोय कॅमेरामन व्ही. के. मूर्ती.

हा झोत त्यांनी कसा आणला ते सिनेमावेड्यांना तोंडपाठ असतं, तरी सांगते, कारण मला त्यात माजघर दिसतं. स्टुडिओतले दिवे कितीही मोठे असले तरी त्यांचा प्रकाश पुढे जाताना फाकत जातो. दिव्यापाशी अरुंद, जमिनीवर रुंद. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत येईस्तोवर जवळजवळ समांतर झालेले असतात. म्हणून कवडशाच्या कडा सरळ राहतात आणि दिव्याच्या झोताच्या राहत नाहीत. डोळ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दिव्याचं ऊन खोटं आहे हे त्याला आपोआप कळतं. मूर्तींनी स्टुडिओत खरं ऊनच आणलं. बाहेर उन्हात एक मोठा आरसा, त्यातलं ऊन आत उंचावर बसवलेल्या दुसऱ्या आरशावर, आणि तिथून खाली. सूर्य कुणासाठी थांबत नाही, म्हणजे दोन टेकमध्ये बाहेरचा आरसा पुन्हा पुन्हा हलवावा लागत असणार. मला राहून राहून त्या आरशापाशी उन्हात उभ्या असलेल्या माणसाची आठवण येते. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, आणि आतल्या गोष्टीचं सगळं मर्म त्याच्या हातात होतं.

मूर्ती मैसूरचे. बंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकले, व्हायोलिन वाजवायचे. 'बाजी'च्या वेळी सहायक होते, तिथे गुरुदत्तच्या नजरेत भरले आणि 'जाल'पासून त्याचे कॅमेरामन झाले. 'कागज के फूल' पडला, इतका की त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपलं नाव लावलं नाही. त्याच सिनेमासाठी मूर्तींना फिल्मफेअर मिळालं, आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकरांनाही. ज्या रिकाम्या स्टुडिओत तो झोत उतरतो तो रिकामेपणा आचरेकरांचा. उंची, पोकळी, कडेला पडलेलं सामान. कवडसा दाखवायचा तर घर बांधावं लागतं, हे विसरलं जातं. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिली वेळ. २०१४ मध्ये ते गेले.

मूर्तींच्या उन्हाला दिशा होती. त्याच काळात कोलकात्यात एक तरुण माणूस नेमकं उलटं काहीतरी शोधत होता: दिशा नसलेला उजेड.

सुब्रत मित्र. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा वय बावीसच्या आसपास, आणि सिनेमाचा कॅमेरा त्याआधी हातात धरलेला नाही. हेही सतारिये, त्या सिनेमात काही ठिकाणी ऐकू येते ती सतार त्यांची आहे. एकाच्या हातात व्हायोलिन, दुसऱ्याच्या हातात सतार. यातून सिद्धान्त काढू नये, पण मला हा योगायोग आवडतो. स्वर किती वेळ धरायचा हे ज्याला कळतं त्याला काळोख किती वेळ धरायचा हेही कळत असेल.

'अपराजितो' हा त्याचाच पुढचा सिनेमा, १९५६ चा. हरिहरचं कुटुंब काशीत एका चौकाच्या घरात राहतं. पाऊस आडवा येईल या धास्तीने ते घर काशीऐवजी कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं. मित्रांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की चौकात वरून आभाळाचा जो उजेड पाझरतो त्याला सावली नसते. स्टुडिओचे दिवे लावले तर एकेका माणसाच्या चार-चार सावल्या पडतील आणि काशी संपेल. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तरीही सेट बांधला. मग मित्रांनी चौकाच्या वर आभाळाच्या जागी पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. कापडावरून परतून आलेला उजेड खाली सगळीकडे सारखा झिरपला. आज कुठल्याही शूटिंगला गेलात तर थर्माकोलचे पांढरे तक्ते धरून उभी असलेली माणसं दिसतात. त्या तक्त्यांमागे हे कापड आहे.

चौकाचा उजेड म्हणजे काय, हे मला शिकायला असताना पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहिल्यावर कळलं. माझी खोली तळमजल्यावर चौकाला लागून. तिथे ऊन कधी पोचायचंच नाही. सकाळी दहाला आणि दुपारी चारला उजेड तेवढाच, फक्त किंचित पिवळा किंवा किंचित निळा. हौदापाशी कपडे धुणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला कुठलीच बाजू नसायची, उजेडाची नाही की काळोखाची नाही. कोकणातल्या माजघरात दुपार पुढे सरकताना दिसायची. या चौकात वेळ जागच्या जागी साचलेला असायचा. 'अपराजितो'त हरिहर आजारी पडतो, सर्वजया त्या चौकात ये-जा करत राहते, आणि आपल्याला वाटतं की घर तर आहे तसंच आहे, उजेडही तसाच आहे. तो तसाच आहे म्हणूनच अंगावर काटा येतो. मरण येणार आहे आणि उजेडाला त्याची खबर नाही. मूर्तींच्या झोतासारखं ते डोळ्यांत भरत नाही. मला विचाराल तर ते अधिक कठीण काम आहे, आणि कदाचित अधिक मोठंही.

आपल्याकडे हे शहाणपण कॅमेऱ्याच्या आधीपासून होतं, चित्रकारांच्या हातात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. नात्याने भाऊ असलेले ते आणि आनंदराव, दोघांनी मिळून कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला; १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो १९१८ मध्ये पुरा केला. कॅमेरा विकत आणलेला नव्हे, घडवलेला. पडदे रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, की कापडावर काळोख रंगवावा लागतो, तो आपोआप येत नाही. त्यांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, मूकपट. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी गिरणीत मजुरीला जातो, अशी गोष्ट. तो मूकपट आज बघायला मिळत नाही. पण पुढे स्वतः सिनेमे काढणाऱ्या जे. बी. एच. वाडियांनी तरुणपणी तो पाहिला होता, आणि पुढे त्यांच्या मनात त्यातलं काय उरलं होतं, तर काळोखात बुडालेली एक भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं. कथानक पुसट झालं, झोपडीवरचा काळोख राहिला. मूकपटातलं ते कुत्रं वाडियांना ऐकू आलं होतं, हे मला त्या सगळ्याहून विलक्षण वाटतं. चित्रातला अंधार पुरेसा खरा असला की कान आपला आपण आवाज आणतो.

अलीकडच्या मराठी सिनेमांपैकी मी पुन्हा पुन्हा जाते ते तीन सिनेमांकडे, आणि तिघांचा उजेड तीन तऱ्हांचा आहे.

'फँड्री'त ऊन आहे. दुष्काळी मुलखाचं रखरखीत, पांढरं ऊन. विक्रम अमलाडींचा कॅमेरा. जब्या शाळेत जाणारा पोरगा, एका मुलीवर जीव लावून बसलेला, आणि गावाने त्याच्या घरच्यांना डुक्कर पकडायला लावलंय. अख्खी शाळा, ती मुलगीही, बघायला जमली आहे. जब्या लपायला बघतो. भिंतीआड, झुडपाआड. पण त्या माळावर सावलीच नाही. बाबूरावांच्या झोपडीवर काळोखाने जे केलं, ते इथे उन्हाने केलंय. सगळं स्वच्छ दिसतंय, आणि सगळ्यांना दिसतंय, हीच यातना आहे. कौतुकाने बघणाऱ्यांच्या नजरा आणि ऊन यांच्यात फरक राहत नाही. मग डुक्कर काठीला बांधून नेताना मागे भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले. कॅमेरा तिथे जरा थांबतो, बोट दाखवत नाही. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे माझ्याकडे. इतका वेळ मी सुरक्षित अंतरावर बसून बघत होते. बघणाऱ्या जमावात मी उभी होते हे मला त्या दगडाने सांगितलं.

'किल्ला'त पाऊस आहे. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही स्वतःच धरला, आणि ते जाणवतं. वडील गेलेला एक मुलगा आईच्या बदलीमुळे शहर सोडून कोकणात येतो. कोकणातली मी, म्हणून या सिनेमापुढे मी तटस्थ नाही. पावसाळ्यातला तिथला उजेड मी अंगावर घेतलेला आहे. चार महिने सावली पडत नाही. हिरवा रंग इतका गडद होतो की त्यातून काळपट झाक येते. घरात दिवसा दिवा लावावा लागतो. भिंतींना ओल चढते आणि भांडीसुद्धा आतून उजळल्यासारखी दिसतात. पर्यटनाच्या जाहिरातींत कोकण हिरवंगार दिसतं, तो हिरवा मला परका वाटतो. 'किल्ला'तला हिरवा ओळखीचा आहे. त्यात एक पोरकेपण आहे. मुलं सायकली दामटत किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो, बाकीचे निघून जातात आणि हा एकटा आत राहतो. दगडी भिंती, पाणी, आणि कुठूनही न येणारा तो करडा उजेड. तो रडतो का ते नीट कळत नाही, पावसात कळणार कसं? त्या मुलाला जे झालंय ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि कॅमेरा ते त्याच्याकडून वदवून घेत नाही. पाऊस पडू देतो. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या सिनेमाला स्फटिक अस्वल हा पुरस्कार मिळाला तो मुलांच्या ज्युरीकडून. मराठी न कळणाऱ्या मुलांना तो उजेड कळला होता.

तिसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शक, कॅमेरा मृणाल देसाई. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चिडले होते. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलतच नाही. कुणाच्या चेहऱ्याजवळ जात नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला चाललाय, तारखांवर तारखा पडताहेत, आणि आपण मागच्या बाकावर बसून ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं बघतोय. तो उजेड कुणाचाच पक्ष घेत नाही. न्यायाधीश, वकील, आरोपी, झोपाळलेला शिपाई, सगळ्यांवर सारखाच. पुढे घरातल्या एका कामासाठी मला दीड-दोन वर्षं एका कचेरीत खेटे घालावे लागले. बाकावर बसून नाव पुकारण्याची वाट बघताना एक दिवस वर पाहिलं, दिवसाढवळ्या जळणारी ट्यूब, कडेला काळी पडलेली, आणि 'कोर्ट'चा कॅमेरा तिथे का बसला होता ते मला कळलं. खेटे घालणाऱ्याला क्लोजअप मिळत नाही. सिनेमाच्या शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, शिपाई दिवे एकेक करून बंद करतो, आणि कॅमेरा काळोख्या खोलीकडे बघत राहतो. थिएटरात लोक उठू लागले होते. सिनेमा संपलेला नव्हता. त्या काळोखात नारायण कांबळे तुरुंगात आहेत एवढंच आपल्याला माहीत असतं, आणि त्या माहितीसोबत तिथे बसून राहावं लागतं.

एकदा वाईजवळच्या एका वाड्यात शूटिंग पाहिलं. रात्रीचे आठ वाजले होते आणि आत दुपार चालू होती. खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर एक दांडगा दिवा, त्याच्यापुढे भोकं पाडलेला पुठ्ठा, आणि आत कुणीतरी धुपाटणं फिरवत होतं. धूर पसरला आणि हवेत कवडसे उभे राहिले. मी श्वास रोखला. हातमोजे घातलेला एक लाइट दादा बाहेरून पुठ्ठा इंचभर इकडे, इंचभर तिकडे करत होता, आणि आतून कॅमेरामन फक्त "थोडं अजून... अजून... राहू दे" म्हणत होता. काम करणारी बाई मोठी नटी होती; तिला सांगितलं गेलं, की वाक्य संपल्यावर अर्धं पाऊल मागे जा. एवढंच. तालमीत ती मागे गेली तेव्हा तिचे डोळे उजेडातून सावलीत गेले आणि ओठ उजेडातच राहिले. वाक्य तेच, "मी ठीक आहे" असं काहीतरी. पण डोळे झाकले गेल्याबरोबर ते खोटं झालं. चहा घेताना त्या दादांना मी विचारलं, किती वर्षं करताय. पंचवीस म्हणाले. मग स्वतःहून म्हणाले, "दिवा लावायला कुणालापण येतं ताई. कापायला शिकायला वर्षं जातात." त्यांच्या धंद्यात उजेड अडवण्याला कापणं म्हणतात.

आता मी पुष्कळदा सिनेमा फोनवर बघते. लोकलमध्ये, बसमध्ये, खिडकीतून ऊन पडद्यावर पडत असताना. तसं बघण्याला मी नावं ठेवणार नाही. गावोगावच्या ज्या मुलांपर्यंत संग्रहालय कधी पोचलं नसतं त्यांच्यापर्यंत गुरुदत्त फोनमधूनच पोचला आहे. पण फोनवर काळा रंग काळा राहत नाही. त्यात माझाच चेहरा दिसतो, मागच्या खिडकीतले विजेचे खांब दिसतात. सगळे सिनेमे ज्या काळोखावर उभे आहेत तोच तिथे नसतो. थिएटरात डोक्यावरून जाणारा प्रोजेक्टरचा झोत मला म्हणून हवा असतो. लहानपणी जत्रेच्या तंबूत सिनेमा बघताना त्या झोतात विड्यांचा धूर वळसे घ्यायचा, आणि मी पडदा सोडून वर बघत बसायचे. आई मान धरून पुढे फिरवायची. तो झोत म्हणजेही कवडसाच, फक्त त्याने भिंतीवर सूर्याऐवजी माणसं टाकलेली.

आजोळचं घर अजून आहे. कौलं गेली, पत्रे आले. माकडं कौलं फोडतात, परतायला माणसं मिळत नाहीत, मामेभावाचं बरोबर आहे. पश्चिमेच्या खिडकीला आता काच आहे. गेल्या मे महिन्यात दोन दिवस राहून आले. दुपारी माजघरात आडवी झाले तर पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून एक कवडसा उतरला होता, करंगळीच्या नखाएवढा. जातं कधीचंच परसात गेलंय. कवडसा फरशीवर होता, फ्रीजच्या पायापाशी.

मामेभावाची मुलगी, दहा वर्षांची, शेजारी फोन घेऊन लोळत होती. तिला दाखवला. तिने लगेच फोन रोखला, आणि म्हणाली, "आत्या, ह्यात दिसतच नाही." खरंच नव्हता. फोनने माजघर उजळून घेतलं होतं. फ्रीज, बरण्या, कॅलेंडर सगळं लख्ख, आणि कवडशाच्या जागी फरशीवर एक पांढरा डाग. मी तिला स्क्रीनवर तिथे बोट टेकवायला सांगितलं. बाजूला छोटा सूर्य आला, तो खाली ओढ म्हटलं. तिने ओढला. बरण्या गेल्या, कॅलेंडर गेलं, फ्रीज गेला, मी गेले. ती ओढतच राहिली. आणि त्या काळोखात वरपासून खालपर्यंत एक बारीक सरळ रेघ उभी राहिली, आत धूळ फिरत असलेली.

"हलू नको हं," ती कुजबुजली, आणि दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून बसली.